सात आणि तेराच्या मधला सरडा

एका जंगलात एक सागाचं झाड होतं, आणि त्या झाडावर भाव राहत होता.

भाव म्हणजे सरडा. त्याचं नाव सदोबा. मुलांनो, तुमच्या घरी भाव मोबाईलवर दिसतो. त्या जंगलात मोबाईल नव्हता, कारण रेंज नव्हती. रेंज या गोष्टीत थोड्या वेळाने येईल.

सागाच्या बुंध्यावर खालून वरपर्यंत वीस खाचा होत्या. रोज सकाळी जंगलातले सगळे प्राणी झाडाखाली जमायचे आणि ओरडायचे. ‘घेतो, घेतो’ जास्त झालं की सदोबा वर सरकायचा. ‘विकतो, विकतो’ जास्त झालं की खाली यायचा. तो ज्या खाचेवर असेल तितकी वाळलेली बोरं, हा त्या क्षणाचा भाव. बाकी सदोबाला काही काम नव्हतं. त्याला मानधन म्हणून रोज सहा मुंग्या मिळायच्या.

आता भाव कशाचा? तर कडा मध कंपनीचा. नदीपलीकडच्या कड्यात एक कपार होती, त्या कपारीत सातेरी माश्यांचं मोठं पोळं होतं. एक शेअर म्हणजे होळीच्या दिवशी एक चाटण मध. शेअर घेतला की पळसाचं एक पान मिळायचं, त्यावर राणीमाशीच्या पायाचा ठसा. ठसा फार बारीक असायचा. तो दिसत नाही असं कुणी म्हणालं की बाकीचे त्याला अडाणी समजायचे.

या जंगलात रंगनाथ नावाचा एक साळिंदर राहत होता. त्याची बायको इंदू आणि दोन पिल्लं. बीळ छान होतं, कोरडं होतं, फक्त त्याला दार एकच होतं. एका दाराचा काय त्रास, असं तुम्हाला वाटेल. तुमच्याकडे द्वारकाक्का येत नाही म्हणून तुम्हाला तसं वाटतं.

द्वारकाक्का म्हणजे घोरपड. ती रंगनाथची कुणीच नव्हती. गेल्या वर्षी मार्गशीर्षात, थंडी पडली त्या संध्याकाळी, ती बिळाच्या दारात आली.

“मी काही परकी नाही,” ती म्हणाली. “जरा पाठ टेकते.”

पाठ टेकली ती होळीला उचलली. घोरपड थंडीत झोपते आणि झोपली की फुगते. दारात अशी घट्ट बसली की हवासुद्धा तिला विचारून आत येत होती. साळिंदराचं अख्खं कुटुंब साडेतीन महिने आत अडकलं. भिंतीतून निघालेली मुळं कुरतडून त्यांनी दिवस काढले. धाकट्या पिल्लाचा पहिला शब्द ‘मूळ’ होता, दुसरा ‘परत मूळ’.

होळीला अक्का उठली, जांभई दिली आणि म्हणाली, “घर छान आहे हो तुमचं. पुढच्या वर्षी येते.”

त्या दिवशी इंदू म्हणाली, “अहो, मागचं दार काढा. नाहीतर पुढच्या होळीला मी बाहेर पडले की परत आत यायची नाही.”

ती हे अगदी शांतपणे म्हणाली. रंगनाथला तेच लागलं.

बिळांची कामं घेणारी जंगलात एकच होती, शेवंताबाई घूस. तिने बीळ आतून बघितलं, भिंतीवर दोन ठिकाणी टकटक केलं आणि मान हलवली.

“खडक लागणार. एकशे दहा बोरं.”

“जरा कमी करा की.”

“कमी करते. मग दार कमी होईल. डोकं बाहेर, बाकीचे तुम्ही आत.”

रंगनाथकडे चौदा बोरं होती. म्हणून तो बाजारात गेला. आणि बाजारात जायचं तर आधी शिकून जावं, म्हणून तो बगळे सरांच्या क्लासला गेला.

बगळे सर सागाशेजारच्या तळ्यात एका पायावर उभे राहून शिकवायचे. दुसऱ्या पायाने चिखलात रेषा काढायचे. फी दोन खेकडे. ते पकडताना रंगनाथच्या नाकाचं काय झालं ते मी सांगत नाही, जेवणाची वेळ आहे.

“भाव,” सर म्हणाले, “कुठेही जात नाही. तो फिरतो. खाली एक रेषा असते, तिला सपोर्ट म्हणायचं. वर एक रेषा असते, ती रेझिस्टन्स. मधली जागा ही रेंज. खालच्या रेषेला आला की घ्यायचं, वरच्या रेषेला गेला की विकायचं. मध्ये असला की काय करायचं?”

“काय करायचं?” सगळ्यांनी विचारलं.

“काहीच नाही. ते सगळ्यात अवघड. त्याचा वेगळा क्लास आहे.”

रंगनाथने पंजा वर केला. “सर, तुम्ही स्वतः शेअर घेता का?”

“मी शिकवतो,” सर म्हणाले आणि एक मासा गिळला.

रंगनाथ आठ दिवस सागाखाली बसला. सदोबा बहुतेक वेळा सात आणि तेराच्या मध्ये असायचा. कधी पाचला जायचा, एकदा सोळालाही गेला होता, पण सर म्हणाले की असल्या गोष्टींकडे लक्ष द्यायचं नसतं. रेषा काढून मोकळा हो. मात्र ठळक काढ.

आता साळिंदर रेषा कशाने काढणार? त्याच्याकडे एकच वस्तू भरपूर असते. रंगनाथने अंगावरचे दोन चांगले लांब काटे काढले. एक सातव्या खाचेवर आडवा ठोकला, एक तेराव्या. काळे-पांढरे पट्टे असलेले काटे लांबूनसुद्धा दिसत होते. बाजारात सगळ्यांनी मान वर करून बघितलं आणि आपापल्या चिखलाच्या रेषा गुपचूप पुसल्या.

दुसऱ्या दिवशी सदोबा खाली खाली येत सातला आला आणि तिथून टुणकन उडी मारून वर पळाला.

“सपोर्ट,” बगळे सर म्हणाले.

तिसऱ्या दिवशी तो वर गेला, तेराला थांबला, नाक चोळलं आणि खाली वळला.

“रेझिस्टन्स,” सर म्हणाले. सगळ्या प्राण्यांच्या अंगावर शहारा आला.

त्यानंतर सदोबा एकदाही सहाला गेला नाही की चौदाला गेला नाही. इतकी शिस्तीची रेंज कुठल्याच जंगलात कुणी बघितली नव्हती. रंगनाथने सातला दोन शेअर घेतले, तेराला विकले. मग तीन घेतले, तेही विकले. मग सहा. घरी येताना तो गुणगुणायला लागला. चौदाची ऐंशी बोरं झाली होती.

तेराला गेल्यावर याचे शेअर घेत कोण होतं, असं तुमच्यातला एखादा हुशार मुलगा विचारेल. त्याला शाळेत त्रास होत असणार. पण प्रश्न बरोबर आहे. तेराला घ्यायची दुपारची बॅच.

बगळे सर दुपारीही एक क्लास घ्यायचे. त्याचं नाव ‘रेंज तुटली की घुसा’. त्यात ससे होते आणि काही हरणं. त्यांना शिकवलं होतं की भाव वरच्या रेषेला भिडला की तो आता फोडून वर जाणार, तर लगेच घ्यायचं. आणि खालच्या रेषेला आला की आता कोसळणार, तर लगेच विकायचं. म्हणजे सकाळची बॅच विकायची तेव्हा दुपारची घ्यायची, आणि दुपारची विकायची तेव्हा सकाळची घ्यायची. तळं एकच, पाय एकच, फी तीच. दुपारची बॅच प्रत्येक वेळी बुडायची. मग सर त्यांना म्हणायचे, “पद्धत बरोबर आहे, तुमची शिस्त कमी पडते.” ससे मान खाली घालायचे आणि पुन्हा नाव नोंदवायचे. जुन्या विद्यार्थ्यांना एक खेकडा सूट होती.

एकदा इंदू रंगनाथबरोबर बाजारात आली. तिने थोडा वेळ वर बघितलं.

“अहो, तो सरडा टोचल्यामुळे वळतोय.”

“काय?”

“काटा टोचतोय त्याला. वर नाकाला, खाली शेपटीला. काटा काढा, मग बघा कुठे जातो ते.”

रंगनाथ अस्वस्थ झाला. त्याने सरांना जाऊन विचारलं. सरांनी पाय बदलला. ते फक्त गंभीर प्रसंगी पाय बदलायचे.

“भाव वळतो की नाही?”

“वळतो.”

“मग झालं. का वळतो ते आपण विचारत नाही. ‘का’ हा विषय आपल्याला नाही.”

रंगनाथने पुन्हा सातला अकरा शेअर घेतले. तीन बोरं उरली. आता सदोबा एकदाच तेराला गेला की मागचं दार पक्कं. सदोबा निघालाही. आठ झाले. नऊ झाले. दहा झाले.

आणि थंडी पडली.

मुलांनो, थंडीत फक्त घोरपड झोपत नाही. सरडाही गारठतो. सदोबाने दहाव्या खाचेवर चारही पाय पसरले, डोळे मिटले, आणि तिथेच घट्ट झाला. ‘घेतो’ म्हणून ओरडा, ‘विकतो’ म्हणून ओरडा, मुंग्या नाकाखाली धरा. ढिम्म.

सकाळची बॅच सातला घेणारी आणि तेराला विकणारी. दुपारची बॅच तेराला घेणारी आणि सातला विकणारी. दहाला काय करायचं ते कुणालाच शिकवलेलं नव्हतं.

“सर, हे काय झालं?”

“कन्सॉलिडेशन,” सर म्हणाले. “भाव ताकद गोळा करतोय.”

सदोबा घोरत होता.

रंगनाथ घरी गेला नाही. घरी जाऊन सांगणार काय? अकरा शेअर आहेत, तीन बोरं आहेत, आणि अक्का कधीही येईल. तो नदीकाठी जाऊन बसला. तिथे एक अस्वल पोट धरून पाणी पीत होतं.

“काय अस्वलभाऊ, बरं नाही का?”

“अकरा दिवस झाले, अजून जड वाटतंय,” अस्वल म्हणालं. “त्या कड्यातल्या कपारीतलं पोळं खाल्लं ना. सगळंच खाल्लं. थांबता येत नाही हो मला.”

“सगळं?”

“मेणासकट. माश्या गेल्या कुठेतरी. जाताना फार बोलल्या मला.”

रंगनाथचे सगळे काटे ताठ झाले. कंपनीच नव्हती. अकरा दिवस नव्हती. आणि या अकरा दिवसांत सदोबा दोनदा तेराला जाऊन आला होता.

त्याच्या मनात एक विचार आला. हे कुणाला सांगायचं नाही. थंडी ओसरली की तेराला गुपचूप विकून टाकायचे. पण तोवर अक्का दारात असणार. आणि दुसरं म्हणजे रंगनाथ खोटं बोलला की त्याचे काटे वाजायचे. लग्न ठरवतानाही वाजले होते, इंदूने तेव्हाच ते लक्षात ठेवलं होतं. तेव्हा खरं बोलण्याशिवाय त्याच्याकडे मार्ग नव्हता. तो अस्वलाला घेऊन थेट बाजारात आला.

“ऐका,” रंगनाथ म्हणाला, “पोळं संपलं. यांनी खाल्लं.”

“माफ करा,” अस्वल म्हणालं आणि पुरावा म्हणून एक ढेकर दिली. बाजारभर मधाचा वास सुटला.

सगळ्यांनी सरांकडे बघितलं.

“कधी खाल्लं?” सरांनी विचारलं.

“अकरा दिवस झाले.”

“त्यानंतर भाव दोन वेळा तेराला गेला. म्हणजे बाजाराने ही बातमी पचवली.”

“पचवलं मी,” अस्वल म्हणालं. “तेही अजून नीट नाही.”

“रेंज तुटली का?” सरांनी गर्दीला विचारलं.

“नाही,” सकाळची बॅच म्हणाली.

“अजून नाही,” दुपारची बॅच म्हणाली.

“मग बसा.”

सगळे बसले आणि पुन्हा मान वर करून झोपलेल्या सरड्याकडे बघायला लागले. अस्वलाला वाईट वाटलं. एवढं खाऊनही कुणी साधं रागावलं नाही.

रंगनाथ पडलेल्या चेहऱ्याने घरी निघाला. वाटेत शेवंताबाई घूस भेटली. तीही सकाळच्या बॅचची, तीही बाजारातूनच येत होती.

“काय रंगनाथराव, दार कधी काढायचं? थंडी तर पडली.”

“बोरं नाहीत हो, शेवंताबाई. तीनच आहेत.”

“आणि शेअर?”

“अकरा आहेत, पण त्यांना काही अर्थ नाही. आत्ताच सांगितलं ना मी, पोळंच राहिलं नाही.”

शेवंताबाईने डोळे बारीक केले. “अकरा शेअर. दहाचा भाव. एकशे दहा होतात की.”

“अहो, पण कशाचे? कपार रिकामी आहे. चला, दाखवतो.”

“मला कपार नका दाखवू. मला सगळं कळतं. थंडी सरली की तेरा होणार, ते तुम्हाला पाहिजेत. म्हणून आधी अस्वल आणलंत, आता कपार दाखवताय.”

“देवाशपथ, तसं नाही.”

“बघा, किती पोटतिडकीने बोलताय. शेअर भिकार असते तर एवढं बोलला असता का?”

रंगनाथने काटे कानाजवळ नेऊन ऐकले. ते वाजत नव्हते. तो खरंच बोलत होता.

“शेवंताबाई, शेवटचं सांगतो. तुम्ही फसाल.”

“अकरा पानं द्या, नाहीतर दार विसरा.”

त्याने अकरा पानं दिली. शेवंताबाईने ती उन्हाला धरून राणीमाशीचे ठसे बघितले, खूश झाली आणि त्याच संध्याकाळी खणायला लागली. दोन दिवसांत मागचं दार तयार. गोल, गुळगुळीत, दक्षिणेकडे तोंड. वर पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून छोटी वळचण, ती तिने हौसेने फुकट करून दिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी रंगनाथ, इंदू आणि पिल्लं मागच्या दारात ऊन खात बसली. दुपारी सगळी आत जाऊन झोपली. संध्याकाळी पुढच्या दारात सावली पडली.

“मी काही परकी नाही,” द्वारकाक्का म्हणाली. “जरा पाठ टेकते.”

“टेका की, अक्का,” रंगनाथ म्हणाला. “आरामात टेका.”

अक्काला जरा संशय आला, पण झोप त्याआधी आली. ती फुगली. पुढचं दार बंद झालं. रंगनाथने इंदूकडे बघितलं. इंदू हसली. गेल्या होळीनंतर पहिल्यांदाच. दोघंही पिल्लांना घेऊन थाटात मागच्या दाराकडे निघाले.

मागच्या दारातून गुंऽऽ असा आवाज येत होता.

मुलांनो, सातेरी माश्यांना कशी जागा आवडते? अंधारी, कोरडी, तोंड दक्षिणेला. वर वळचण असेल तर उत्तमच. कड्यावरून निघालेल्या माश्या दोन आठवडे घर शोधत हिंडत होत्या. दुपारी सगळी झोपलेली असताना त्यांना ते सापडलं.

राणीमाशी स्वतः पुढे आली. “आम्ही काही परक्या नाही,” ती म्हणाली.

दोन्ही दारं बंद झाली. रंगनाथ मटकन खाली बसला. मग धाकटं पिल्लू नकळत मागे सरकलं आणि त्याचे काटे माश्यांच्या नव्या मेणात रुतले. पंधरा दिवसांनी ते पुन्हा तसंच मागे सरकलं, तेव्हा काट्याच्या टोकाला काहीतरी चमकत होतं. थोरल्याने ते चाटलं.

“मूळ नाही,” तो म्हणाला.

तेव्हापासून त्यांनी पद्धतच ठरवली. नाक जमिनीला टेकवायचं, पाठीने हळूच पोळ्यात शिरायचं, बाहेर यायचं आणि एकमेकांचे काटे चाटायचे. काट्यांच्या दाटीत माश्यांना चावायला वाटच सापडत नव्हती.

रंगनाथ सज्जन होता. मध कंपनीचा होता, आणि त्याच्याकडे तर एकही शेअर नव्हता. म्हणून तो रोज पुढच्या दाराशी जायचा, अक्काच्या पाठीवर उरलेल्या बारीक फटीला तोंड लावायचा आणि बाहेर ओरडायचा. बाजाराला जाणारी शेवंताबाई रोज त्या वाटेने जायची.

“शेवंताबाई, तुमचा मध इथे आहे. माझ्या घरात. अकरा चाटणं तुमची आहेत, तेवढी घेऊन जा.”

“तुम्हाला पानं परत पाहिजेत ना, रंगनाथराव?”

“नको हो पानं. मध घ्या.”

“असं कसं. मध फुकट देताय म्हणजे भाव वाढणार ते तुम्हाला कळलंय. मी नाही सोडत.” मग ती जरा जवळ यायची आणि आवाज खाली आणून सांगायची, “काल सदोबाची शेपटी हलली म्हणे.”

“वारा असेल.”

“सर पण तेच म्हणाले. पण त्यांनी पाय बदलला.” एवढं सांगून ती घाईघाईने सागाकडे निघून जायची.

रंगनाथ आत यायचा.

“काय म्हणाल्या?” इंदू विचारायची.

“नको म्हणाल्या.”

“सांगितलंत ना पण?”

“सांगितलं.”

“मग फिरा जरा तिकडे,” इंदू म्हणायची आणि त्याचा डावीकडचा एक काटा चाटायला घ्यायची.

तात्पर्य: मुलांनो, नेहमी खरं बोलावं. समोरचा रेषेकडे बघत असला की आपल्या खऱ्याने कुणाचंच काही बिघडत नाही, आणि मध घरातच राहतो.